गुप्त ध्वनिमुद्रण आणि नोकरीतील तक्रार : भारतीय पुरावा कायद्याच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना

कार्यालयातील वरिष्ठाशी बंद खोलीत झालेले बोलणे कनिष्ठाने त्याच्या नकळत ध्वनिमुद्रित केले व पुढे तक्रार अर्जासोबत सादर केले, तर कायद्याच्या दृष्टीने त्याची किंमत काय, हा प्रश्न भ्रमणध्वनीचा प्रसार झाल्यानंतर उद्भवला असा सर्वसाधारण समज आहे. हा समज इतिहासाला धरून नाही. ध्वनिफितीच्या पुराव्याविषयी भारतात जे न्यायालयीन तत्त्व आज प्रस्थापित आहे, त्याच्या मुळाशी असलेला सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ मधील निर्णय हा नोकरीतील तक्रारीचाच निर्णय होता. निलंबित झालेल्या एका सरकारी डॉक्टराने थेट राज्याच्या मुख्यमंत्र्यांशी झालेले आपले संभाषण गुपचूप ध्वनिमुद्रित करून न्यायालयापुढे ठेवले होते.

पुढील साठ वर्षांत मात्र या तत्त्वाची वाढ नोकरीच्या क्षेत्रात झाली नाही. ती झाली लाचलुचपतीच्या खटल्यांत आणि निवडणूक याचिकांत. पोलिसांनी लावलेल्या सापळ्यांतून जे नियम घडले तेच पुढे एकट्या कारकुनाला, शिक्षिकेला किंवा परिचारिकेला लागू झाले. ध्वनिमुद्रण कोणी केले आणि कोणाविरुद्ध केले, हा प्रश्न आपल्या न्यायालयांनी क्वचितच विचारला. हा प्रश्न न विचारल्याचे परिणाम काय झाले, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फोनोग्राफच्या आधीचा कायदा

भारतीय पुरावा अधिनियम १८७२ मध्ये अस्तित्वात आला. सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तो सिद्ध केला तेव्हा माणसाचा आवाज साठवून ठेवण्याचे साधन जगात नव्हते. एडिसनचा फोनोग्राफ त्यानंतर पाच वर्षांनी, १८७७ मध्ये आला. तरीही स्टीफन यांनी ‘दस्तऐवज’ या संज्ञेची व्याख्या इतकी व्यापक ठेवली होती की कोणत्याही पदार्थावर अक्षरे, आकृत्या अथवा चिन्हे यांच्या द्वारा व्यक्त केलेली बाब तीत सामावू शकत होती. शंभर वर्षांनी न्यायालयांनी ध्वनिफितीला दस्तऐवज ठरविले ते याच व्याख्येच्या आधारे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या अधिनियमाने पुराव्याची ग्राह्यता ठरविताना तो संबद्ध आहे की नाही एवढेच पाहिले. तो कोणत्या मार्गाने मिळविला, हा प्रश्न अधिनियमाच्या चौकटीत बसत नव्हता. इंग्लंडमध्ये १८६१ च्या लेदम खटल्यात न्यायमूर्ती क्रॉम्प्टन यांनी चोरून आणलेला पुरावाही ग्राह्य ठरेल अशा आशयाचे मत दिले होते. १९५४ मध्ये केनियातील कुरुमा या आरोपीच्या अपिलात प्रिव्ही कौन्सिलने हीच भूमिका कायम ठेवली. अमेरिकन न्यायालयांनी बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावा नाकारण्याचा जो नियम घडविला, तो भारताने स्वीकारला नाही. १९७३ च्या पूरनमल प्रकरणात प्राप्तिकराच्या झडतीसंदर्भात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टपणे सांगितले. तेव्हा गुप्त ध्वनिमुद्रण वाईट मार्गाने मिळविले म्हणून नाकारावे, हा युक्तिवाद भारतीय भूमीत आरंभापासूनच दुबळा होता.

१९५६ मध्ये पंजाब उच्च न्यायालयाने साक्षीदाराचे पूर्वीचे बोलणे त्याच्या साक्षीतील विसंगती दाखविण्यासाठी ध्वनिफितीवरून वापरण्यास अनुमती दिली. पंजाबातील पुढचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

जालंधरचे सिव्हिल सर्जन

‘एस. प्रतापसिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या खटल्यातील अपीलकर्ते पंजाबच्या वैद्यकीय सेवेत सिव्हिल सर्जन होते व जालंधर येथे त्यांची नेमणूक होती. ज्यांच्यावर त्यांनी आरोप केले ते मुख्यमंत्री सरदार प्रतापसिंग कैरों. दोघांचे नाव एकच असल्यामुळे निकालपत्र वाचताना नवख्या वाचकाचा काही वेळ गोंधळ उडतो.

डॉक्टरांना डिसेंबर १९६० मध्ये सेवानिवृत्तिपूर्व रजा मंजूर झाली. जानेवारी १९६१ मध्ये मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात त्यांच्याविरुद्ध लाचखोरीचा मजकूर प्रसिद्ध झाला. जून १९६१ मध्ये, वयाची ५५ वर्षे पूर्ण होण्यास थोडेच दिवस उरले असताना, त्यांची रजा रद्द करण्यात आली, त्यांना निलंबित करण्यात आले, विभागीय चौकशीचा आदेश निघाला आणि ती पूर्ण होईपर्यंत त्यांना सेवेतच ठेवण्याचेही ठरले. सरकारी नोकरीची ज्यास थोडीबहुत माहिती आहे त्यास या आदेशांची धार सहज लक्षात येईल. निवृत्त माणसावर शिस्तभंगाची कारवाई करणे अवघड असते, म्हणून त्यास आधी निवृत्त होऊ द्यावयाचे नाही.

डॉक्टरांचे म्हणणे असे की लाचेचा आरोप हे निमित्त होते. मुख्यमंत्री व त्यांचे कुटुंबीय यांच्याशी असलेला त्यांचा पूर्वीचा घरोबा बिघडल्यामुळे हा सूड उगविला जात होता. आदेशांच्या मागे दुष्ट हेतू आहे हे सिद्ध करणे न्यायालयात नेहमीच कठीण असते, कारण हेतू फायलीवर लिहिला जात नाही. तो दूरध्वनीवर बोलला जातो, बैठकीच्या खोलीत सूचित केला जातो, घरी बोलावून ऐकविला जातो. डॉक्टरांनी नेमके तेच पकडले होते. मुख्यमंत्री व त्यांच्या पत्नी यांच्याशी झालेल्या बोलण्याच्या ध्वनिफिती त्यांनी तयार करून ठेवल्या होत्या आणि रिट याचिकेत त्यांचा आधार घेतला.

उच्च न्यायालयात ते हरले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यांच्या पीठाने २ सप्टेंबर १९६३ रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने त्यांचे अपील मान्य केले. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी लिहिले. त्यांच्याशी न्यायमूर्ती सुब्बाराव व न्यायमूर्ती मुधोळकर सहमत होते. न्या. जनार्दन रघुनाथ मुधोळकर हे त्यापूर्वी नागपूर व मुंबई उच्च न्यायालयांत न्यायाधीश होते. अल्पमताचे निकालपत्र न्यायमूर्ती रघुबर दयाळ यांचे असून न्यायमूर्ती एस. के. दास त्यांच्या बाजूने होते.

ध्वनिफितीत फेरफार करता येतो, म्हणून ती पुरावा म्हणून घेऊ नये, हा आक्षेप बहुमताने फेटाळला. ज्यात फेरफार करताच येणार नाही असा पुरावा जवळजवळ नसतोच. कागदावरील सहीही बनावट असू शकते, म्हणून कागद नाकारला जात नाही, अशी त्यामागील भूमिका होती. ध्वनिफितीतील आवाज त्या व्यक्तींचा नव्हे असे प्रतिपादन समोरून झाले नाही, या गोष्टीला बहुमताने वजन दिले. अल्पमतातील न्यायमूर्तींनीही ध्वनिफीत सरसकट अग्राह्य मानली नाही. बोलणाऱ्याने साक्ष द्यावी व फितीने तिला दुजोरा द्यावा, असे त्यांचे मत होते. मतभेद झाला तो फितीतून काय सिद्ध होते यावर. तीन न्यायमूर्तींना सूडबुद्धी सिद्ध झाली असे वाटले, दोघांना तसे वाटले नाही.

या निकालाने मोठी राजकीय खळबळ उडाली. त्याच वर्षाअखेर माजी सरन्यायाधीश एस. आर. दास यांचा चौकशी आयोग नेमला गेला व त्याच्या अहवालानंतर जून १९६४ मध्ये कैरों यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. राजकीय इतिहासकारांनी या प्रकरणाची नोंद घेतली आहे ती कैरों यांच्या संदर्भात. ध्वनिफितीची नोंद घेतली ती वकिलांनी. डॉक्टर हे एक नोकर होते आणि नोकराने वरिष्ठाविरुद्ध दाद मागताना हे साधन वापरले, या अंगाकडे मात्र दोघांचेही लक्ष गेलेले दिसत नाही.

याच निकालातील एक मौन विशेष बोलके आहे. मुख्यमंत्र्यांचे खाजगी बोलणे त्यांच्या नकळत टिपणे योग्य होते काय, या प्रश्नावर तेथे विवेचन नाही. ते असण्याची अपेक्षाही करता येत नाही, कारण अवघ्या नऊ महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९६२ मध्ये, खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने खाजगीपणा हा राज्यघटनेने दिलेला हक्क नाही असे म्हटले होते. ते निकालपत्रही न्या. अय्यंगार यांचेच होते. न्या. सुब्बाराव यांनी त्या वेळी भिन्न मत नोंदवून खाजगीपणाचा पुरस्कार केला होता, तरी डॉक्टरांच्या प्रकरणात ते बहुमतात सामील झाले. रात्री-अपरात्री पोलिसांनी दार ठोठावणे आणि कनिष्ठाने वरिष्ठाचे बोलणे टिपणे या दोन गोष्टी त्यांना एकाच जातीच्या वाटल्या नसाव्यात, असा तर्क करता येतो. तो त्यांनी शब्दांत मांडला असता तर पुढील इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

हा निकाल लागला त्याच सुमारास, ऑगस्ट १९६३ च्या अखेरीस, बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने आपली छोटी कॅसेट प्रथम मांडली. डॉक्टरांच्या काळात टेप रेकॉर्डर ही सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरची वस्तू होती. सिव्हिल सर्जनला ती परवडली. दोन दशकांनी कॅसेट रेकॉर्डर मध्यमवर्गीय घरांतून दिसू लागला, आणि आता तर प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे.

मुंबईतील दोन खटले

यानंतर या विषयाचे केंद्र महाराष्ट्रात आले. युसूफअली इस्माईल नगरी यांच्यावर मुंबई महानगरपालिकेच्या एका कर्मचाऱ्यास लाच देऊ केल्याचा आरोप होता. कर्मचाऱ्याने पोलिसांना कळविले. खोलीत ध्वनिग्राहक लपविण्यात आला व शेजारच्या खोलीत पोलीस यंत्र घेऊन बसले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल न्यायमूर्ती बचावत यांनी दिला. घटनेची ध्वनिफीत ही घटनेच्या छायाचित्रासारखी आहे. आरोपी स्वेच्छेने बोलला, त्याच्यावर सक्ती झालेली नव्हती, म्हणून स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडले असे म्हणता येणार नाही, हे त्या निकालाचे सूत्र होय. फीत मोहोरबंद केलेली नव्हती, या त्रुटीचा उल्लेख करून असा पुरावा सावधगिरीने घ्यावा असा इशाराही न्यायालयाने दिला.

दुसरा खटला आर. एम. मलकानी यांचा. मुंबईचे कॉरोनर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, या पदावर ते होते. १९६४ मध्ये शस्त्रक्रियेनंतर एक रुग्ण दगावला. त्या शस्त्रक्रियेशी संबंधित डॉक्टरांकडे चौकशी अनुकूल करण्यासाठी त्यांनी पैशाची मागणी केली असा आरोप होता. लाचलुचपत प्रतिबंधक अधिकाऱ्यांनी ऑक्टोबर १९६४ मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांच्या संमतीने त्यांच्या दूरध्वनीला यंत्र जोडले आणि कॉरोनरांचे बोलणे टिपले. सप्टेंबर १९७२ मध्ये न्यायमूर्ती ए. एन. रे यांनी दिलेला निकाल आजही या विषयातील पहिला आधार म्हणून उद्धृत होतो. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या संमतीने ध्वनिमुद्रण झाले असेल तर १८८५ च्या तार अधिनियमाचा भंग होत नाही. आणि मार्ग बेकायदा असला तरी संबद्ध पुरावा ग्राह्य राहतो, असे त्यात म्हटले आहे. राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाच्या आधारे केलेला युक्तिवाद नाकारताना न्यायालयाने असेही सुचविले की निरपराध नागरिकाच्या दूरध्वनीत होणाऱ्या अरेरावीच्या हस्तक्षेपापासून न्यायालये त्याचे रक्षण करतील, पण भ्रष्टाचाराच्या तपासातील पोलिसांच्या प्रयत्नांपासून अपराध्याला ते संरक्षण मिळणार नाही.

हा युक्तिवाद तर्काला पटणारा नाही. माणूस निरपराध की अपराधी हे ध्वनिमुद्रण ऐकल्यानंतर ठरते. संरक्षण मात्र ऐकण्यापूर्वी हवे असते. तरीही व्यवहारात हा निर्णय कनिष्ठ नोकरदारास उपकारक ठरला, ही बाब नाकारता येत नाही. स्वतः ज्या संभाषणात सहभागी आहोत ते टिपणे आणि इतरांचे संभाषण चोरून ऐकणे यांतील सीमारेषा येथे स्पष्ट झाली. पहिली गोष्ट भारतीय कायद्यात आजही स्वतंत्र गुन्हा नाही. दुसरी गुन्हा आहे. वरिष्ठाच्या केबिनमध्ये यंत्र लपवून ठेवून आपण बाहेर निघून गेलेला कर्मचारी या रेषेच्या पलीकडे जातो, हे तक्रारदार पुष्कळदा विसरतात.

निवडणूक याचिकांनी यात भर घातली. राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या १९६९ मधील निवडीविरुद्धच्या याचिकेत साक्षीदाराने नाकारलेले बोलणे ध्वनिफितीवरून त्याच्यापुढे ठेवण्यास न्यायालयाने संमती दिली. १९८५ मध्ये हरियाणातील रामसिंग विरुद्ध कर्नल रामसिंग या प्रकरणात कसोट्या एकत्र सांगितल्या गेल्या. आवाजाची ओळख पटावी, फेरफाराची शक्यता दूर व्हावी, संभाषण संबद्ध असावे, आवाज स्पष्ट ऐकू यावा आणि फीत मोहोरबंद करून सुरक्षित अथवा शासकीय ताब्यात ठेवलेली असावी.

शेवटची कसोटी पुन्हा वाचण्यासारखी आहे. मोहोर आणि शासकीय ताबा या गोष्टी पोलिसांजवळ असतात. लाचेची तक्रार आली की लाचलुचपत प्रतिबंधक विभाग तक्रारदाराच्या हाती आपला रेकॉर्डर देतो, पंच सोबत पाठवितो, पडताळणी पंचनामा करतो, मग सापळा रचतो. शाळेतील ज्या शिक्षिकेस संस्थाचालक पगारातून ठरावीक रक्कम परत मागतो, तिच्याजवळ पंच नसतात. तिने फोनवर ते बोलणे टिपलेले असते, कदाचित तो फोन नंतर बदललेला असतो, ध्वनिफीत नातेवाइकाच्या संगणकावर उतरवून ठेवलेली असते. सापळ्यासाठी घडविलेल्या कसोट्या तिला लावल्या की खरे बोलणेही संशयास्पद दिसू लागते.

विभागीय चौकशीची मोकळीक

न्यायालयात कसोट्या कडक असल्या तरी नोकरीतील तक्रार प्रथम जाते ती विभागीय चौकशीपुढे. तेथे चित्र नेमके उलटे आहे. १९५७ मध्ये टी. आर. वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पुरावा अधिनियम अशा चौकशांना लागू होत नाही. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली म्हणजे पुरे. १९७७ मध्ये हरियाणातील एका बस वाहकाच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हेच अधिक ठसठशीतपणे मांडले. विनातिकीट प्रवाशांची प्रत्यक्ष साक्ष घेतली नाही म्हणून चौकशी रद्द होत नाही. सुज्ञ माणसाला पटेल असा काही पुरावा असला तरी चालेल, असा त्याचा आशय आहे.

परिणामी चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलावर ध्वनिफीत सहज येते. कसोट्यांची ही ढिलाई तक्रारदाराच्या हिताची वाटते, पण व्यवस्थापनालाही ती तेवढीच उपलब्ध असते. कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याशी सहकाऱ्याने खाजगीत केलेले बोलणे टिपून ते व्यवस्थापनाने दोषारोपपत्रास जोडावे, यातही कायद्याची अडचण येत नाही. आवाज आपला नाही असे अपचारी कर्मचारी म्हणाला तर काय? फौजदारी प्रकरणात दंडाधिकारी आवाजाचा नमुना देण्याचा आदेश देऊ शकतात, असे २०१९ मध्ये रितेश सिन्हा प्रकरणात ठरले. विभागीय चौकशी अधिकाऱ्याला तशी सक्ती करण्याचा अधिकार नाही. मग तो स्वतः ऐकतो, साहेबांचा आवाज ओळखणाऱ्या दोघांना विचारतो आणि निष्कर्ष लिहितो.

अशा वेळी कर्मचाऱ्याच्या हाती एकच संरक्षण उरते, ते म्हणजे प्रतीची मागणी. काशीनाथ दीक्षित प्रकरणात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बचावासाठी आवश्यक कागदपत्रांच्या प्रती न देता केलेली कारवाई रद्द केली. ध्वनिफीत हा दस्तऐवज आहे हे नाशिक जिल्ह्यातील तुकाराम दिघोळे विरुद्ध माणिकराव कोकाटे या २०१० च्या निवडणूक प्रकरणातही पुन्हा सांगितले गेले. दोन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे निष्कर्ष उघड आहे. केवळ लिखित उतारा देऊन भागणार नाही. पूर्ण ध्वनिमुद्रण, आधीच्या व नंतरच्या बोलण्यासह, कर्मचाऱ्याला मिळाले पाहिजे. दहा मिनिटांच्या बोलण्यातील कापून घेतलेली चाळीस सेकंदे कोणालाही दोषी किंवा निर्दोष ठरवू शकतात.

बंद दाराआडची तक्रार

लैंगिक छळाच्या तक्रारीत या प्रश्नाला निराळेच गांभीर्य येते. १९९७ च्या विशाखा निर्णयाने कामाच्या ठिकाणी तक्रार समित्या आल्या. पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेवर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानावा असे ठरविले. त्यानंतर २०१३ चा अधिनियम आला व त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून अमलात आला. त्यातील कलम ११ प्रमाणे समितीला साक्षीदारास बोलावण्याचे व दस्तऐवज मागविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

अशा प्रसंगांना बहुधा साक्षीदार नसतो. त्रास देणारा माणूस साक्षीदार नाही याची खात्री करूनच बोलतो. म्हणून ‘तिचे म्हणणे विरुद्ध त्याचे म्हणणे’ या अवस्थेतून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून स्त्री ध्वनिमुद्रणाकडे वळते. १९६१ मधील सिव्हिल सर्जनची अडचण आणि तिची अडचण मुळात एकच आहे: हेतू कागदावर नाही, तो उच्चारात आहे. परंतु याच अधिनियमातील कलम १४ बनावट किंवा दिशाभूल करणारा दस्तऐवज सादर करणाऱ्या तक्रारदारावर कारवाईची तरतूद करते, आणि कलम १६ चौकशीतील मजकूर प्रसिद्ध करण्यास मनाई करते. समितीकडे दिलेली ध्वनिफीत मित्रमंडळींच्या समूहात फिरली तर तक्रारदार स्वतःच अडचणीत येऊ शकते. ध्वनिमुद्रण करणे व ते पसरविणे या दोन भिन्न कृती आहेत, याची जाणीव समित्यांच्या सदस्यांनाही करून देण्याची गरज आहे.

इंग्लंडमधील नोकरी न्यायाधिकरणांनी या बाबतीत अधिक बारकाईने विचार केला आहे. २००६ च्या एका प्रकरणात शाळेतील साहाय्यिकेने शिस्तभंगाच्या सुनावणीत गुप्त ध्वनिमुद्रण केले होते. ती उपस्थित असतानाचा भाग ग्राह्य धरला गेला. तिला बाहेर पाठवून समितीने आपसात केलेली चर्चा यंत्रात सापडली होती, ती मात्र सार्वजनिक धोरणाच्या कारणास्तव नाकारली गेली. २०१४ मध्ये एका भारतीय बँकेच्या तेथील उपकंपनीत काम करणाऱ्या महिलेच्या प्रकरणात असेच मागे राहिलेले बोलणे ग्राह्य ठरले, कारण त्यातील आक्षेपार्ह उद्गार विचारविनिमयाचा भाग नव्हते असा तिचा दावा होता. २०१९ च्या आणखी एका निर्णयात गुप्त ध्वनिमुद्रण हे नेहमीच गैरवर्तन ठरते असे नाही. सापळा रचण्यासाठी केले की स्वसंरक्षणासाठी, हे पाहावे, असे सांगण्यात आले. ध्वनिमुद्रण कोणी व कशासाठी केले हा प्रश्न तेथे विचारला जातो. भारतात याच धर्तीवर सुस्थिर नियम घडलेला नाही.

प्रमाणपत्र आणि खाजगीपणा

२००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने पुरावा अधिनियमात कलम ६५-ब आणले. इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची प्रत सादर करताना विहित प्रमाणपत्र लागते. ते अनिवार्य आहे काय याबाबत न्यायालयांची मते बदलत राहिली. २०१४ मध्ये अन्वर प्रकरणात अनिवार्य ठरले. पुढे शिथिल झाले. आणि जुलै २०२० मध्ये जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ते पुन्हा अनिवार्य ठरविले. मूळ यंत्रच साक्षीत हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही, हा त्यातील भाग सामान्य तक्रारदाराच्या उपयोगाचा आहे; तो फोन जपून ठेवण्यास सांगणारा मात्र त्याला सहसा कोणी भेटत नाही. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक यंत्र बाळगणाऱ्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. संगणकीय अंकमुद्रेची नोंदही त्यात करावयाची असते. आवाजाची हुबेहूब नक्कल आता यंत्राने करता येते, त्यामुळे ही सावधगिरी अनाठायी नाही. तालुक्याच्या गावी असा तज्ज्ञ मिळविण्याचा भार मात्र तक्रारदारावर पडतो.

खाजगीपणाच्या बाजूनेही चाक फिरले. डिसेंबर १९९६ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर दूरध्वनी टॅपिंगला कार्यपद्धतीचे बंधन आले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवून खरकसिंग निकालातील विरुद्ध भाग मोडीत काढला. हा हक्क मुख्यतः शासनसंस्थेविरुद्ध आहे. सरकारी कार्यालयातील अधिकारी स्वतःच शासन असतो; तो आपल्या कनिष्ठाविरुद्ध हा हक्क कितपत सांगू शकेल, हा प्रश्न १९६३ इतकाच ताजा आहे.

१४ जुलै २०२५ रोजी विभोर गर्ग विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पतीने पत्नीच्या नकळत टिपलेले संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात ग्राह्य धरले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते खाजगीपणाचे उल्लंघन म्हणून नाकारले होते. पती-पत्नींमधील बोलण्याला पुरावा अधिनियमाच्या कलम १२२ ने विशेष संरक्षण दिले होते. त्याच कलमातील अपवादाचा आधार येथे घेतला गेला. मालक व नोकर, अधिकारी व कारकून यांच्यातील बोलण्याला असे संरक्षण १८७२ मध्येही नव्हते आणि नव्या अधिनियमातही दिलेले नाही. नवरा-बायकोचे संभाषण ज्या न्यायालयाने आत घेतले ते साहेबाच्या केबिनमधील संभाषण बाहेर ठेवील, असे मानण्यास त्यामुळे फारसा आधार राहिलेला नाही. असे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे येईल तेव्हा वकिलांना मलकानींच्या आधी, जालंधरच्या त्या सिव्हिल सर्जनच्या अपिलापासूनच सुरुवात करावी लागेल.